ओठ एकीचे, आवाज दुसरीचा

१

पडद्यावर सुंदराबाईचे ओठ हलले, आणि आवाज आला शेवंतीचा.

विक्रोळीच्या त्या चाळीत क्षणभर कुणाचा कानांवर विश्वासच बसला नाही. सुंदराबाई वाकळे जाऊन वर्ष झालं होतं. समाजमंदिरात बुद्धवंदना झाली, खिरीच्या वाट्या फिरल्या आणि तिच्या लेकीनं, शीतलनं, दिवे मालवायला सांगितले. दोन वर्षांपूर्वी चित्रित केलेल्या आईच्या ओव्या आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर लागणार होत्या. जातं, जात्यावर वाकलेली सुंदराबाई, आणि तिच्यासमोर कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेली शेजारीण शेवंती. पीठ भुरुभुरु सांडत होतं.

विक्रोळीच्या खाडीवरी तिवरांची दाट छाया
लेक माझी शाळे जाई, दप्तरात माझी माया

"अगं बाई, ही तर आपली शेवंती," कुणीतरी कुजबुजलं.

सुंदराबाईचा आवाज भाकरीच्या पापुद्र्यासारखा, जरा करपलेला आणि गोड. शेवंतीचा पातळ, कोकणी हेल असलेला. चाळीतलं शेंबडं पोरही फरक सांगेल. ओठ आईचे, आवाज मावशीचा. ओवीमागून ओवी गेली. आणि सूप भरायच्या आतच चित्र खटकन संपलं.

शीतल ताडकन उभी राहिली. शेवटची ओवी कुठाय? आई सांगून गेली होती, "शेवटाला मी माझं नाव घातलंय गं, तुझ्यासाठी." ती ओवी नव्हतीच.

तिनं मागे वळून पाहिलं. भिंतीशी बसलेली शेवंतीमावशी केव्हाच उठून गेली होती. तिची खिरीची वाटी जमिनीवर तशीच भरलेली होती.

२

घाटकोपरला एका फरसाणवाल्याच्या माडीवर जान्हवी कदमचं दुकान आहे. पाण्यात पडलेले फोन, रुसलेल्या हार्डडिस्क, लग्नाचे पुसले गेलेले फोटो, असं सगळं तिच्याकडे येतं. पूर्वी ती पोलिसांच्या प्रयोगशाळेत होती. तिथून बाहेर पडताना तिनं एकच सवय बरोबर आणली: माणसावर विश्वास मागाहून, वस्तूवर आधी.

शीतलनं पेनड्राइव्ह तिच्यापुढे ठेवला. "ताई, माझ्या आईचा आवाज चोरलाय कुणीतरी."

"आवाज कोण कशाला चोरेल?"

"ते खाडीवरचं गाणं ऐकलंत ना? 'सखी माझी दूर जाई'? सगळ्या रिक्षांत वाजतंय ते."

"ऐकून कान किटले."

"त्याची पहिली ओळ माझ्या आईची आहे. चालही आईची. त्यानं लेकीची सखी केली आणि खाली स्वतःचं नाव लावलं. तो प्रीतम. आमच्या शेवंतीमावशीचा नातू. मी चाळीच्या ग्रुपवर महिनाभर आधीच टाकलं होतं, प्रीतमचं गाणं जिच्या तोंडून जन्मलं तिच्याच तोंडून ऐका म्हणून. आता चाळ मला हसतेय. हसू दे. पण माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. तिला आजीचा आवाज म्हणून काय ऐकवू?"

जान्हवीनं फाइल उघडली, पण वाजवली नाही. उघडून नुसती बघत बसली.

"हे बघ. तू ह्याला व्हिडिओ म्हणतेस. मी म्हणते डबा. ऑफिसला नेतात तसा, एकावर एक पुड लावलेला. एका पुडात चित्र, एकात आवाज. एमपीफोर, एमकेव्ही ही डब्यांची नावं आहेत, आतल्या जेवणाची नव्हेत. तुझा डबा एमकेव्ही. ह्याला हवे तेवढे पुड लागतात."

"हो, दोन आवाज वेगळे ठेवायला मीच सांगितलं होतं सौरभला. त्यानं रेकॉर्डिंग केलं, आणि फाइल आता समारंभासाठी तयार करून दिली. म्हटलं, नुसती आईही ऐकता येऊ दे."

"मग झालं तर!" जान्हवी हसली. "प्लेअर एका वेळी आवाजाचा एकच पुड वाढतो. बहुतेकदा पहिला. तुमच्या समारंभात शेवंतीबाईंचा वाढला. तुझी आई दुसऱ्या पुडात झाकून बसलेली असणार."

शीतलनं खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर यादी आली: चित्र. आवाज एक, शेवंती. आवाज दोन, सुंदराबाई. आणि तळाला एक फॉन्ट, सबटायटलची अक्षरं उमटवण्यासाठी ठेवतात तसा. जान्हवीनं दुसऱ्या आवाजावर बोट ठेवलं.

सुंदराबाईचे ओठ हलले. खोलीत काहीच आलं नाही. खाली फरसाणवाल्याची कढई चुरचुरत होती, तेवढंच.

शीतल रडली नाही. "म्हणजे गेली," एवढंच म्हणाली.

जान्हवीनं हेडफोन लावला, आवाज पार वर नेला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. "शीतल, बंद पडलेला माईकसुद्धा घुमतो. खरखरतो. दाराच्या फटीतून वारा यावा तसं काहीतरी येतंच. इथे काही म्हणजे काही नाही. ही शांतता आपसूक आलेली नाही, कुणीतरी आणून ठेवलीय."

३

साकीनाक्याला लेथमशीनच्या गाळ्यांमध्ये सौरभचा स्टुडिओ होता. बाहेर लोखंड किंचाळत होतं, आत दार लावलं की कान बधिर व्हावेत अशी शांतता. सौरभ तिशीचा, हसरा, गळ्यात हेडफोन.

"माईक गेला, ताई," तो लगेच म्हणाला. त्याला अजून काही विचारलं नव्हतं. "सुंदराबाईंचा. होतं असं. दोघी बरोबरच गात होत्या, शेवंतीआजींचा आला, यांचा नाही आला."

"आणि शेवटची ओवी?"

"बॅटरी संपली कॅमेऱ्याची."

"माईकही गेला, बॅटरीही गेली. त्या दिवशी तुमचं कायकाय गेलं हो?"

सौरभ हसला, पण जरा उशिरानं. "वाट लागली होती त्या दिवशी. मी शीतलताईंना म्हटलंही, सबटायटल टाकून देतो, शब्द वाचता येतील. त्या नको म्हणाल्या. आईचं बोलणं ज्याला कळायचं त्याला कळतं, म्हणाल्या. मग नाही टाकले. आपण काय, गिऱ्हाईक सांगेल तसं."

"मूळ रेकॉर्डिंग दाखवता?"

"हार्डडिस्क क्रॅश झाली."

"द्या मला. माझा धंदाच तो."

"टाकून दिली ना यार... सॉरी, ताई."

भिंतीवर प्रीतमच्या गाण्याचं पोस्टर होतं. खाली बारीक अक्षरांत सौरभचं नाव. जान्हवी गालिच्यावर गुडघे टेकून ते वाचू लागली. उठली तेव्हा सलवारीला करडी कच लागली होती. तिनं बोटांवर घेऊन चोळली. खरखरीत, दगडाची.

"शेजारी लेथ आहेत," सौरभ म्हणाला. "धूळ येते."

लेथची धूळ काळी असते, तेलकट असते. जान्हवीनं सलवार झटकली. दाराशी पोचल्यावर तिनं विचारलं, "ही फाइल तुम्ही कुणाच्या हातात दिलीत?"

"किरणच्या. शीतलताईंच्या भावाच्या." सौरभनं नजर जमिनीकडे वळवली. "पेनड्राइव्ह आठवडाभर त्याच्याकडेच होता. मी काही म्हणत नाही. पण किरण प्रीतमकडे ढोलकी वाजवतो, हे तुम्हाला शीतलताईंनी सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं.

४

चेंबूरला एका शाळेच्या हॉलमध्ये प्रीतमची तालीम चालली होती. किरण ढोलकीच्या वाद्या आवळत बसला होता. जान्हवीला पाहून तो उठला आणि दुसऱ्या दारानं निघाला. तिनं त्याला पाणपोईशी गाठलं.

"पळतोस कशाला रे?"

"पळत नाय. पाणी प्यायला आलो."

"आठवडाभर फाइल तुझ्याकडे होती. उघडून बघितलीस?"

"नाय."

"एकदाही? आईची फाइल?"

किरणनं नळ सोडला आणि पाणी तसंच वाहू दिलं. "तुमची आई आहे ना, ताई? मग तुम्हाला नाय कळायचं. मी अजून तिच्या फोनचा रिचार्ज मारतो. बंद झाला की नंबर लागत नाही असं सांगेल ना ती फोनमधली बाई. माझ्यात दम नव्हता ती फाइल उघडायचा. कपाटात ठेवली, त्या दिवशी लावली, बस."

"आणि प्रीतमनं तुझ्या आईची ओवी उचलली, तरी त्याच्याच गाण्यावर थाप मारतोस?"

"शीतलही हेच म्हणते. बोलत नाय माझ्याशी." त्यानं तोंडावर पाणी मारलं. "मला वाटलं, तशी तरी आईची चाल रोज कानावर पडते."

खरं असेल, किंवा चांगलं पाठ केलेलं असेल. जान्हवीला दोन्ही पटत होतं, आणि तेच तिला खुपत होतं.

प्रीतम स्वतःच समोर आला. झब्बा पांढरा, बोलणं लोण्यासारखं. "मॅडम, बसा ना. चहा सांगू? मला कळलं सगळं. वाईट वाटलं यार. सुंदराआजीनं मला कडेवर खेळवलंय."

"तिची ओवीही उचललीत म्हणतात."

"कोण म्हणतं? समारंभाला सगळी चाळ होती ना? काय ऐकलं चाळीनं? आवाज कुणाचा?" तो हळूच हसला. "माझ्या आजीचा. ओवी आमच्या घरातली आहे, मॅडम. आजी गायची, मी ऐकायचो, त्याचं मी गाणं केलं. सुंदराआजी समोर बसून तोंडातल्या तोंडात म्हणत असेल. जात्यावर सगळ्याच म्हणतात. पुढच्या हप्त्यात सिनेमावाल्यांचा करार आहे. उगाच आता कुणी नाव खराब करू नये, एवढंच."

"रेकॉर्डिंगच्या दिवशी तुम्ही होतात तिथे?"

"छे. मी तर समारंभालाही नव्हतो. ती फाइल पाहिलीही नाही अजून."

जान्हवी जिना उतरली आणि मधल्याच पायरीवर थांबली. प्रीतम समारंभाला नव्हता. फाइल त्यानं पाहिली नव्हती. मग सुंदराबाईचे ओठ हलत होते, हे त्याला कुणी सांगितलं? चाळीनं सांगितलं असेल. आठवडाभरात चाळ काय सांगत नाही! एवढ्यावर कुणाला धरता येत नाही. पण बोलताना तो एकदाही 'माईक बिघडला' म्हणाला नव्हता. ज्याला अपघात ठाऊक असतो तो आधी अपघात सांगतो. हा सरळ निकालच सांगत होता.

५

शेवंतीच्या खोलीत जातं खिडकीखाली होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिनं ते मालवणाहून बोटीनं आणलं होतं, आणि समोरच्या खोलीतली सुंदरा जालन्याहून आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याच्या पलीकडे येऊन बसली होती. दोघींची बोली वेगळी, दोघींच्या भिंतीवरच्या तसबिरी वेगळ्या. खुंटा एक.

"बस गो बाय," शेवंती म्हणाली. पंच्याहत्तरीच्या पुढची, वाळलेल्या शेंगेसारखी. "पन माका काय इचारू नको. माका काय ठावक नाय."

"मी अजून काही विचारलंच नाही, आजी."

"तरी सांगून ठेवतंय."

सौरभनंही असंच केलं होतं. ह्या प्रकरणात उत्तरं प्रश्नांच्या आधी येत होती. जान्हवी जात्याशी जाऊन बसली. वरच्या तळीवर हात फिरवला.

"दोघी एकदम गायचात का हो?"

"एकदम कशी गातली? एकीनं ओढायची, दुसरीनं उचलायची. पयली ओळ सुंदराची, दुसरी माझी. सगळो जल्म तसोच." बोलता बोलता शेवंती थबकली. आपण काहीतरी सांडलं, हे तिला कळलं असावं. तिनं पदर तोंडाशी घेतला.

"जातं फार जुनं. दगडाला छिन्नीनं टाकी लावून घेता की नाही?"

"मगे? प्रीतम घेऊन गेल्लो ना टाकी लावूक. टेम्पोत घालून. म्हयनो झालो."

जान्हवीनं वरची तळी जरा कलती करून बोटं आत घातली. टाकी लावलेल्या दगडाला नव्या खाचा बोटांना चावतात. ह्या खाचा गुळगुळीत होत्या, नदीतल्या गोट्यासारख्या. जातं टेम्पोतून गेलं होतं आणि टाकी न लागताच परत आलं होतं.

तिनं खुंटा धरला आणि सहज एक फेरा दिला. घर्र-खर्र. दगडावर दगड.

शेवंतीचा हात झडप घातल्यासारखा तिच्या मनगटावर पडला. एवढ्या वाळक्या हातात एवढं बळ!

"रिकामा जाता फिरवू नको! घरातला मानूस जाता त्येनं. कोनी शिकवला नाय तुका? घास घातल्याबिगर जाता फिरवूचा नाय. मी हयात फिरवूक नाय कधी."

ती हे बोलली आणि तिचे डोळे भरून आले. हात मात्र तिनं सोडला नाही. जान्हवीकडे ती अशी बघत राहिली, जणू एखाद्या मुलाला उत्तर आठवतंय का ते बघतेय.

"ऐकलंस मा, आवाज कसो येता?" ती हळूच म्हणाली. "ध्येनात ठेव."

६

जान्हवीनं दुकानात येऊन शेवंतीचा आवाज पुन्हा लावला. ह्या वेळी तिनं गाणं ऐकलंच नाही. गाण्याच्या खालचं ऐकलं.

घर्र-खर्र. घर्र-खर्र.

चित्रात शुभ्र पीठ सांडत होतं, सुपात ढीग चढत होता. आणि कानात दगडावर दगड घासत होता. धान्य असलं की जातं मऊ घुमतं, पोटभर जेवल्यासारखं. हे जातं उपाशी होतं.

शीतल शेजारी बसली होती. जान्हवी तिला सांगत गेली, अर्धं तिला, अर्धं स्वतःला.

"तुझ्या आईच्या आणि शेवंतीबाईंच्या मध्ये अंतर जात्याएवढं. एकीचा माईक गेला असता, तरी तिचा आवाज दुसरीच्या माईकमध्ये लांबून का होईना उतरलाच असता. भिंतीपलीकडचं भांडण आपल्याला ऐकू येतं, हे तर गुडघ्याला गुडघा लावून बसणं. पण शेवंतीबाईंच्या पुडात तुझ्या आईचा श्वासही नाही, आणि आळीपाळीनं घ्यायच्या दोन्ही ओळी एकट्या त्यांच्याच. म्हणजे ते गाणं चित्राच्या वेळचं नाही. नंतर, एकटीला बसवून, चित्रावर गाऊन घेतलेलं आहे. साकीनाक्याला. जातं टेम्पोतून तिकडेच गेलं. रिकाम्या दगडाची कच अजून गालिच्यात आहे."

"मावशीनं?" शीतलचा आवाज चिरकला. "मावशीनं माझ्या आईच्या तोंडात स्वतःचा आवाज घातला?"

"थांब. ज्या बाईनं माझं मनगट आवळलं, ती जन्मात रिकामं जातं फिरवणार नाही. मग तिथे का फिरवलं? स्टुडिओतल्या पोरांना काय कळतंय, धान्य आहे की नाही. तिनं मूठभर ज्वारी मागितली असती, तर त्यांनी पोतं आणून दिलं असतं. तिनं मागितलीच नाही."

शीतलनं आवाज मागे नेऊन ती घरघर पुन्हा एकदा ऐकली.

"किरण सुटला. डबा कधी भरला त्याची वेळ डब्याच्या आतच लिहिलेली असते, आणि तो किरणकडे यायच्या आधीच भरलेला आहे. त्यानंतर कुणी झाकण उघडलेलं नाही. खरं सांगत होता बिचारा." जान्हवीची नजर पुन्हा यादीवर गेली. चित्र, आवाज एक, आवाज दोन, फॉन्ट.

ती जागच्या जागी ताठ झाली.

"शीतल, सबटायटल नको असं तू सौरभला सांगितलं होतंस?"

"हो. का?"

"अक्षरंच नाहीत, तर अक्षरांचा फॉन्ट कशाला?" तिनं त्या तळच्या नावावर बोट टेकवलं आणि त्याचा आकार पाहिला. "आणि फॉन्ट म्हणजे चिमूटभर मीठ गं. हा तर चित्राच्या खालोखाल जड आहे. डब्यात मिठाचा पुड भाजीपेक्षा मोठा?"

तिनं तो पुड डब्यातून वेगळा काढला. वरचं फॉन्टचं नाव खरवडलं. आणि ते उघडायच्या आधी शीतलचा हात हातात घेतला.

"इथे नको," शीतल म्हणाली. "काय असेल ते जात्यापाशी ऐकायचं. सगळ्यांसमोर."

७

शेवंतीच्या खोलीत दुपारचं ऊन जात्यावर पडलं होतं. किरण उंबऱ्यात, सौरभ भिंतीला चिकटून. प्रीतम खाटेवर आजीजवळ, घड्याळाकडे बघत.

"मॅडम, लवकर आटपा ना. रेकॉर्डिंग आहे मला."

"कुठे? साकीनाक्याला?" जान्हवीनं लॅपटॉप जात्याशेजारी ठेवला. "तिथेच आजींचंही झालं होतं ना? जातं टाकी लावायला म्हणून नेलंत. हात घालून बघा, टाकीचा एक घाव नाही."

"टाकीवाला भेटला नाही. परत आणलं."

"आणि वाटेत आजी गाऊन गेल्या?" तिनं शेवंतीचा पुड लावला. घर्र-खर्र खोलीत पसरली. उंबऱ्यात जमलेल्या दोनतीन म्हाताऱ्यांनी एकदम एकमेकींकडे पाहिलं.

"गो, हा तर रिकामा जाता!" त्यातली एक म्हणाली.

"चित्रात पीठ, आवाजात दगड," जान्हवी म्हणाली. "प्रीतम, तुम्हाला सुंदराबाईंचा आवाज नुसता काढून चालणार नव्हतं, कारण तो आजींच्या माईकमध्येही उतरला होता. म्हणून आजींना पुन्हा गायला लावलंत. फाइल हरवली म्हटलं असतं तर शीतलनं आकाशपाताळ एक केलं असतं. माईक बिघडला म्हटलं की लोक हळहळतात आणि गप्प बसतात. वर ओवी आजींच्या आवाजात चाळीभर झाली, म्हणजे तुमच्या घरातली झाली. करारावर सही करायला मोकळे."

"पुरावा काय? जात्याची घरघर? सिनेमावाल्यांना जाऊन सांगा, हसतील. खरा आवाज आणा ना, असेल तर!" त्यानं सौरभकडे पाहिलं. आणि त्याला जे दिसलं त्यानं त्याचं बोलणं तुटलं. सौरभ घामाघूम झाला होता.

"माझ्यासमोर पुसलास ना तू?" प्रीतमचा लोण्यासारखा आवाज पार आंबला. "हार्डडिस्क माझ्या हातात दिलीस ना?"

"दिली," सौरभ पुटपुटला. "पण... आवाज डब्यात घालून ठेवला होता. फॉन्ट म्हणून."

"वा रे! पश्चात्ताप झाला का?" किरण उंबऱ्यातून गुरगुरला.

"कसला पश्चात्ताप!" जान्हवी म्हणाली. "उद्या प्रीतम मोठा झाला आणि ह्याला ओळख दाखवेनासा झाला, तर हाताशी हुकमी पान असावं म्हणून. स्वतःकडे ठेवलं असतं तर प्रीतमनं शोधलं असतं. शीतलच्या घरी, तिच्याच फाइलच्या पोटात, कोण बघणार?"

सौरभनं बाहीनं तोंडावरचा घाम पुसला. "खरंय," तो म्हणाला.

"आजी, तू सांग ना," प्रीतम खाटेवरून खाली घसरला. "ओवी आपली आहे ना? तूच शिकवलीस ना मला?"

शेवंतीनं नातवाच्या केसांतून हात फिरवला, लहान असताना फिरवायची तसा.

"तू म्हनालंस, रेकॉर्डिंग खराब झाला, सुंदराच्या आठवनीसाठी परत गा. मी इलंय. थय बसल्यावर समाजला माका, सगळ्याच ओळी एकटीन गावच्या, आनी शेवटची गावची नाय. तुझ्या इरोदात तोंड कसा उघडू रे? माझो एकुलतो एक तू. सुंदराशी खोटा तरी कसा बोलू?" तिनं जात्यावर हात ठेवला. "म्हटला, तोंड नाय बोलत तर जाता बोलात. जल्मात फिरवूक नाय तो रिकामो दगड फिरवलंय. कोन तरी बायलमानूस आयकात. समारंभात बसलेल्या, कोनाच्याच ध्येनात इला नाय गो. सगळी तोंडाकडेच बघी होती."

तिच्या हाताखाली प्रीतमनं मान खाली घातली. ती पुन्हा वर आली नाही.

जान्हवीनं शीतलकडे पाहिलं. शीतलनं मान हलवली.

पडद्यावर सुंदराबाई वाकली, खुंट्याला हात घातला, आणि तिच्या ओठांतून तिचाच आवाज आला. भाकरीच्या पापुद्र्यासारखा, जरा करपलेला. जातं पोटभरल्या आवाजात घुमत होतं. पहिली ओळ तिची. दुसरी लांबून, तिच्या माईकमध्ये अलगद उतरलेली, शेवंतीची. किरण उंबऱ्यातच बसला आणि त्यानं कान झाकले नाहीत. शीतल जाऊन त्याच्या शेजारी बसली.

मग चित्र खटकन संपलं. पडदा काळा झाला. सौरभनं चित्र कापलं होतं, पण लपवलेला आवाज कापायचं त्याला सुचलं नव्हतं. काळ्या पडद्यावर जातं फिरतच राहिलं.

दळण सरलं बाई, पीठ सुपात मावेना

आवाज इथे श्वास घ्यायला थांबला, दुसरीनं उचलावं म्हणून. आणि रेकॉर्डिंगमधली शेवंती गाऊ लागायच्या आत खोलीतली शेवंती गाऊ लागली. नातवाच्या डोक्यावरचा हात न काढता, सगळ्या चाळीला ऐकू जाईल इतक्या खुल्या गळ्यानं:

सुंदरा गं म्हणे लेकी, ओवी तुझी संपवेना